स्विचमध्ये कोण येऊन गेले

उन्हाळ्यात वर्ध्याला भरदुपारी लाईन जाते आणि परत येते, तेव्हा एखाद्या कार्यालयातला जुना स्विच १ मार्च १९९३ या तारखेला जागा होतो. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९५० किंवा २९६० जातीच्या स्विचमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज आली की ते त्या तारखेच्या मध्यरात्रीपासून वेळ मोजू लागतात, आणि बाहेरच्या वेळ-सर्व्हरशी गाठ पडेपर्यंत तसेच मोजत राहतात. तेवढ्या अवधीत कोणी स्विचमध्ये लॉगिन केले तर नोंद इमानेइतबारे उमटते : अमुक नावाचा वापरकर्ता, अमुक पत्त्यावरून, सोमवार, १ मार्च १९९३, रात्री बारा वाजून बारा मिनिटांनी. हा वापरकर्ता तेव्हा कदाचित जन्मलाही नसेल. नाव खरे, पत्ता खरा, वेळ मात्र कोणाच्याच कामाची नाही.

या विषयात शिरणाऱ्याने अशी एखादी नोंद सुरुवातीलाच पाहून घ्यावी. स्विचवरच्या लॉगिनवर लक्ष ठेवायचे म्हणजे ‘शो यूझर्स’ अशी एक आज्ञा टाइप करायची आणि समोर आलेली यादी वाचायची, अशी बहुतेकांची समजूत असते. यादी मिळते, यात शंका नाही. पण ती फक्त या क्षणी आत असलेल्यांची असते. तासाभरापूर्वी येऊन गेलेला त्यात नसतो, दार ठोठावून परत गेलेला नसतो, आणि जो दिसतो तो खरोखर तोच माणूस आहे का, हेही ती सांगत नाही. या विद्येचा खरा भाग यादीच्या पलीकडे आहे. नोंद कशी तयार होते, कुठे साठते, कशी बिघडते आणि कोण वाचते, या चार गोष्टी कळल्या तर आज्ञा काय, कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडतात.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरपुरता आहे असे समजू नये. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर हे आपल्या जिल्ह्याचे आठ तालुके. राज्य शासनाचे महास्वान हे जाळे मंत्रालयातून विभागाला, विभागातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला येते. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला दुसरे आहे, वर्ध्यात हिंदी विश्वविद्यालय आहे. बँका, बाजार समित्या, अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालये वेगळीच. असल्या सगळ्या ठिकाणी कुठे तरी एक लोखंडी रॅक असतो, त्यात हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि दिवे लुकलुकताहेत तोवर तिकडे कोणी बघत नाही. ‘नेट गेलं’ अशी हाक आली की मग शोध सुरू होतो. स्विच घेतला एका योजनेतून, बसवला कंत्राटदाराने, देखभालीचा करार तिसऱ्याशी, आणि पासवर्ड बदली होऊन गेलेल्या माणसाच्या डायरीत. मोठ्या शहरात निदान ही सगळी माणसे एका इमारतीत सापडतात. आपल्याकडे ती नागपूर, अमरावती आणि पुण्याला विखुरलेली असतात, म्हणून नोंदीची गरज इथे उलट जास्त आहे.

सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण त्याच्या गोंधळात पुष्कळ वेळ वाया जातो. स्विचपाशी दोन तऱ्हेची लॉगिने होतात. एक म्हणजे कोणी स्विचच्या आत शिरतो, म्हणजे कन्सोल केबल लावून, एसएसएचने, अजूनही काही ठिकाणी टेलनेटने, किंवा ब्राउझरमधल्या पानावरून. दुसरे म्हणजे एखादा विद्यार्थी किंवा कर्मचारी आपला संगणक पोर्टला जोडतो आणि पोर्ट उघडण्याआधी स्विच त्याची ओळख विचारतो. या दुसऱ्या व्यवहाराचे ८०२.१एक्स नावाचे मानक २००१ मध्ये आले. त्यात स्विच फक्त दारावर उभा असतो; आत घ्यायचे की नाही हा निर्णय मागचा सर्व्हर देतो. दुसऱ्या प्रकारची लॉगिने दिवसाला शेकड्यांनी होतात, पहिल्या प्रकारची बोटांवर मोजण्याइतकी. या प्रस्तावनेचा रोख त्या मोजक्यांवर आहे. स्विचच्या आत शिरलेला माणूस एका ओळीने हिशेब विभागाचे संगणक पाहुण्यांच्या जाळ्यात टाकू शकतो. तो एखाद्या पोर्टवरून जाणाऱ्या साऱ्या वाहतुकीची प्रत दुसऱ्या पोर्टवर काढू शकतो, आणि ज्यांची वाहतूक वाचली जात आहे त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. अधिकार जिथे एवढा एकवटलेला आहे तिथे नोंदही तितकीच कडक असावी, एवढीच माझी भूमिका आहे. पुढचे सगळे विवेचन तिच्याभोवती फिरते.

या विद्येचा उगम पहारेकऱ्यांत नाही, हिशेबनिसांत आहे. १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था दाखवली. प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळायचा, म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे, आणि खाते वेगळे म्हणून पासवर्ड. पासवर्ड जन्माला आला तो वेळेच्या वाटणीसाठी. आणि तो फुटायलाही वेळ लागला नाही : १९६२ मध्येच ॲलन शेर या संशोधकाने, आठवड्याला मिळणारे चार तास पुरत नाहीत म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून घेतली.

पुढची गोष्ट मला या क्षेत्रातली सगळ्यात शिकवणारी वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. ऑगस्ट १९८६ मध्ये क्लिफर्ड स्टॉल हा खगोलशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकांच्या देखभालीवर आला. संगणकाच्या वापराचे पैसे आकारायला तिथे दोन वेगवेगळे हिशेब चालत, आणि त्या दोन हिशेबांत ७५ सेंटचा फरक पडत होता. फरक कुठला हे शोधताना असे खाते सापडले की ज्याच्या वापराची नोंद होती, पण बिल कोणाला पाठवायचे तो पत्ता नव्हता. स्टॉलने खाते बंद करून विषय संपवला नाही. बाहेरून येणाऱ्या टेलिफोन लाइनींवर त्याने इकडून तिकडून उसनी आणलेली पन्नासेक छपाईयंत्रे आणि संगणक जोडले, म्हणजे शिरणारा जे जे टाइप करेल ते दुसरीकडे उतरावे. संगणकातली नोंद शिरणाऱ्याला पुसता आली असती, कागदावरची येत नव्हती. वर्षभराच्या पाठलागानंतर माग जर्मनीतल्या हानोव्हर शहरात मार्कुस हेस या तरुणापर्यंत पोहोचला. तो अमेरिकेच्या लष्करी संगणकांतली माहिती केजीबीला विकत होता. स्टॉलने पुढे यावर पुस्तकही लिहिले, ते १९८९ मध्ये निघाले. हेरगिरीचा भाग वाचायला रंजक आहेच, पण आपल्या कामाच्या गोष्टी तीन आहेत : हिशेब दोन होते म्हणून फरक दिसला, नोंद शिरणाऱ्याच्या हाताबाहेर ठेवली होती, आणि पाऊण डॉलरची तफावत ‘किरकोळ आहे, सोडून द्या’ असे म्हणायला कोणी नव्हते.

बाकीचा इतिहास भराभर सांगता येतो. बर्कलीतच १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी आपल्या सेंडमेल या टपाल-प्रणालीसाठी सिसलॉग लिहिले, आणि आज जगातला जवळपास प्रत्येक स्विच त्याच घाटाच्या नोंदी पाठवतो. शिरणाऱ्याची ओळख मध्यवर्ती सर्व्हरकडून तपासून घेण्याची टॅकॅक्स ही पद्धत १९८४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या मिलनेट जाळ्यासाठी आली. १९९१ मध्ये लिव्हिंगस्टन कंपनीने त्याच कामासाठी रेडियस आणले. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणी तरी चोरून पासवर्ड टिपत असल्याचे उघड झाले, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्याने जातो हे त्याआधीही सगळ्यांना माहीत होते. तरीही आजच्या नव्या स्विचमध्ये टेलनेट चालू करण्याची सोय असते, आणि ‘राहू द्या, अडीअडचणीला लागेल’ म्हणून ते चालू ठेवणारेही असतात.

महाराष्ट्राच्या वाचकाला या नोंदींचे स्वरूप समजवायला मला महसुली दप्तराचा आधार सगळ्यात जवळचा वाटतो. स्विचचे चालू कॉन्फिगरेशन म्हणजे सातबारा. आज कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे जाळ्याच्या कोणत्या उपविभागात, आहे हे त्यावर दिसते. तो तिथे कधी आला आणि कोणी आणला, हे बघायचे तर फेरफार काढावा लागतो. फेरफाराच्या नोंदवहीत तलाठी नोंद घेतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. दोन हात लागल्याशिवाय सातबाऱ्यावरचे नाव हलत नाही. ई-फेरफार आल्यापासून दोघेही आपापल्या डिजिटल सहीने कामाला बसतात. स्विचचा सातबारा सगळ्यांकडे असतो, फेरफार क्वचितच. आणि जिथे आहे तिथेही सहीच्या जागी एकच शब्द दिसतो : ‘ॲडमिन’.

हा ‘ॲडमिन’ कोण? लॅब असिस्टंट, विभागप्रमुख, देखभालीचा माणूस, मागच्या कंत्राटदाराचा इंजिनिअर, आणि प्रकल्पासाठी पासवर्ड दिलेला अंतिम वर्षाचा विद्यार्थी, हे सगळे ‘ॲडमिन’. नोंदीत पत्ता येतो, त्यावरून थोडा अंदाज बांधता येतो. पण सगळे जण कार्यालयातल्या त्याच एका संगणकावरून शिरत असतील तर तोही आधार जातो. सामायिक खाते राहिले तर या क्षेत्रातली बाकी सगळी साधने, कितीही महाग असोत, शोभेची आहेत. सर्व्हर विकत घेण्याआधी, आलेख काढणारे सॉफ्टवेअर बसवण्याआधी, माणसागणिक खाते करावे. त्याला पैसे लागत नाहीत. लागतो तो थोडा वाईटपणा, कारण ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असे विचारणारा कोणी ना कोणी निघतोच.

आता नोंदीकडे जरा जवळून पाहू. सिस्कोच्या स्विचवर यशस्वी लॉगिनची नोंद पाचव्या पातळीची असते आणि फसलेल्या लॉगिनची चौथ्या. पातळ्या शून्य ते सात. आकडा जितका लहान तितकी बाब गंभीर. या नोंदी अनेक स्विचवर आपोआप होत नाहीत, त्या चालू कराव्या लागतात. कॉन्फिगरेशन बदलून कोणी बाहेर पडले की आणखी एक नोंद येते : अमुक वापरकर्त्याने अमुक पत्त्यावरून बदल केला. काय बदलले ते मात्र ती सांगत नाही. नवखा वाचक इथे नेहमी अडखळतो. आत आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ दिसते, मधला अर्धा तास अंधारात असतो. तो उजेडात आणायचा तर टाइप केलेली प्रत्येक आज्ञा टिपणारी व्यवस्था लागते, आणि त्यासाठी टॅकॅक्सचा नंतरचा अवतार, टॅकॅक्स प्लस, अधिक सोयीचा पडतो, कारण त्यात प्रत्येक आज्ञेगणिक परवानगी आणि नोंद ठेवता येते. रेडियसमध्ये फक्त पासवर्ड झाकला जातो, बाकीचा मजकूर उघडा जातो. टॅकॅक्स प्लस सगळा मजकूर झाकते, जरी आजच्या मापाने ते झाकणे तकलादू आहे. ज्युनिपरच्या उपकरणांची तऱ्हा निराळी, आणि मला ती आवडते : तिथे प्रत्येक बदल कोणी आणि केव्हा पक्का केला हे उपकरण स्वतः लक्षात ठेवते, आणि आधीच्या ४९ आवृत्त्यांपर्यंत मागे जाता येते.

फसलेल्या लॉगिनच्या नोंदी वाचताना घाई करू नये. सलग तीन-चार चुका म्हणजे हल्ला असे लगेच म्हणता येत नाही; सोमवारी सकाळी पासवर्ड विसरलेला माणूसही अशाच खुणा मागे ठेवतो. एकाच पत्त्यावरून दर काही सेकंदांनी वेगवेगळी नावे येऊ लागली, किंवा एकच नाव पाठोपाठ दहा स्विचवर दिसले, तर मात्र उठावे. मिनिटाभरात तीन चुका झाल्या तर दोन मिनिटे दार बंद, असा नियम स्विचला सांगता येतो. सांगताना आपल्या देखभालीच्या पत्त्याला सूट द्यायला विसरू नये. नाही तर बाहेरचा कोणी मुद्दाम चुका करत बसतो आणि खऱ्या देखभाल करणाऱ्यालाच आत जाता येत नाही. आणखी एक गोष्ट पुस्तकांत क्वचित सापडते. घाईत माणसे नावाच्या जागी पासवर्ड टाइप करतात. मग तो पासवर्ड फसलेल्या लॉगिनचे ‘नाव’ म्हणून नोंदीत उघडा जाऊन बसतो आणि त्याच्या पुढच्याच ओळीत खरे नाव येते. नोंदींची फाइल कोणालाही वाचता येईल अशी ठेवू नये, याला एवढे एक कारणही पुरे आहे.

नोंद स्विचमध्येच ठेवणे म्हणजे न ठेवण्यासारखे आहे. जुन्या सिस्को स्विचची नोंदीची जागा मुळात ४०९६ बाइटची, म्हणजे जेमतेम चाळीस-पन्नास ओळींची. ती भरली की जुनी ओळ पुसून नवी बसते. लाईन गेली की सगळेच जाते. केबल हलली, पोर्ट खाली-वर झाला, अशा फुटकळ नोंदी अर्ध्या दिवसात लॉगिनची ओळ ढकलून देतात. म्हणून नोंदी दुसऱ्या संगणकावर पाठवायच्या. तो संगणक भारी नसला तरी चालतो. बाजूला काढलेल्या साध्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाचे भागते. फक्त त्याची किल्ली स्विचची देखभाल करणाऱ्याच्या हाती नसावी. स्टॉलने कागदावर जे साधले ते इथे या वेगळेपणाने साधायचे. सिसलॉग बहुधा यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून जाते, आणि यूडीपीत ओळ पोहोचल्याची पोच मिळत नाही. वाटेत हरवली तर हरवली. यावरचा उपाय म्हणजे टीएलएसची सुरक्षित वाट, पण ती जुन्या स्विचना येत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी आणखी एक अडचण असते, ती शहरातल्या पुस्तकांना माहीत नसते. ओळख तपासणारा सर्व्हर वर्ध्याला आणि स्विच आष्टीला, अशी मांडणी असली की मधली लाइन तुटताच सर्व्हर गाठता येत नाही. मग स्विच स्वतःच्या पोटातल्या आपत्कालीन खात्यावर येतो. तशी सोय ठेवावीच लागते, नाही तर बिघाड दुरुस्त करायलाच आत शिरता येणार नाही. पण परिणाम असा होतो, की ज्या वेळी सगळ्यात जास्त धावपळ असते, सगळ्यात जास्त बदल होतात, नेमक्या त्याच वेळचे लॉगिन मध्यवर्ती नोंदीत नसते. नोंदवहीतली ही भोके कुठे पडतात याचा आधीच नकाशा काढून ठेवणे, हे माझ्या मते कोणत्याही जिल्हा पातळीवरच्या अभियंत्याचे पहिले काम आहे. लाइन परत आल्यावर आपत्कालीन खात्याचा पासवर्ड बदलणे हे दुसरे.

नोंद हाती असली तरी तिच्यातून काय सिद्ध होते, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि आसपासचा प्रदेश अंधारात गेला. लोकल थांबल्या, रुग्णालये जनित्रांवर आली. पुढे १ मार्च २०२१ रोजी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देत सांगितले, की वीज मंडळाच्या यंत्रणेत १४ ट्रोजन सापडले असावेत, बाहेरच्या सर्व्हरवरून ८ जीबी बेहिशेबी माहिती आली असावी, आणि काळ्या यादीतल्या काही पत्त्यांवरून लॉगिन करण्याचे प्रयत्न झाले असावेत. लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी वीज जाण्याचे कारण मानवी चूक असल्याचे सांगून सायबर हल्ल्याची शक्यता नाकारली.

दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि हे ज्याला पटले त्याला नोंद वाचता येऊ लागली असे समजावे. इंटरनेटकडे तोंड असलेल्या कोणत्याही यंत्राचा दरवाजा दिवसरात्र कोणी ना कोणी ठोठावत असतो. प्रयत्न झाल्याची नोंद ही प्रवेश झाल्याची नोंद नव्हे; प्रवेश झाला तरी वीज त्यानेच घालवली हे त्यातून निघत नाही. ते जोडायचे तर त्या सकाळची, सेकंदापर्यंत जुळणारी, प्रत्येक उपकरणाची वेळ हवी, आत शिरलेल्याचे खाते हवे आणि त्याने दिलेली आज्ञा हवी. वर्धा जिल्ह्यात पॉवरग्रिडचे ७६५ केव्हीचे उपकेंद्र आहे, आणि आजच्या उपकेंद्रांत संरक्षण-यंत्रांचे संदेशही इथरनेट स्विचवरूनच जातात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा हा विषय संगणक विभागाच्या खोलीतून यार्डातल्या नियंत्रण कक्षात पोहोचला होता.

उलट दिशेचे उदाहरणही आहे, जिथे नोंदीतले एक अनोळखी नाव पुरेसे ठरले. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी सिस्कोने आपल्या आयओएस एक्सई प्रणालीतली गंभीर त्रुटी जाहीर केली. ब्राउझरमधल्या व्यवस्थापन-पानातून, पासवर्डशिवाय, पूर्ण अधिकाराचे नवे खाते तयार करता येत होते. हल्लेखोरांनी खात्यांना नावे दिली होती ‘सिस्को टॅक ॲडमिन’ आणि ‘सिस्को सपोर्ट’. नावे इतकी घरची, की यादीत दिसली तरी कंपनीच्याच कोणाची असतील म्हणून नजर पुढे सरकावी. आपल्या स्विचमध्ये किती खाती आहेत आणि कोणाची, हे ज्यांनी आधी कागदावर लिहून ठेवले होते त्यांना ती लगेच खटकली असतील.

कायद्याच्या बाजूने एवढे सांगून पुढे जातो. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या माहिती-तंत्रज्ञान प्रणालींच्या नोंदी सलग १८० दिवस सांभाळायच्या आहेत, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत, आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. ऐकायला हे ओझे वाटते. पण लॉगिनच्या ओळी म्हणजे साधा मजकूर. अनेक स्विचच्या सहा महिन्यांच्या नोंदी एका पेनड्राइव्हवर मावतील. जड जाते ते रोज सकाळी कोणी तरी त्या वाचणे. पहाटे तीनला झालेले लॉगिन, रजेवर असलेल्याचे लॉगिन, कधीच न दिसलेल्या पत्त्यावरचे लॉगिन, या तीन गोष्टी नजरेने टिपायला दहा मिनिटे पुरतात. यंत्राने चाळून दिलेली यादी माणसाने पाहावी, ही वाटणी मला योग्य वाटते. सगळेच यंत्रावर सोपवले की सूचनांचा पाऊस पडतो आणि आठवड्याभरात त्या सगळ्या न वाचता मिटवण्याची सवय लागते.

इथे कोणी आक्षेप घेईल, की हे सगळे माणसांवर पाळत ठेवणे झाले. आक्षेप हलका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आला. वसतिगृहातली मुलगी रात्री किती वाजता जाळ्यावर आली आणि गेली, याची ८०२.१एक्सची नोंद ही तिच्या दिनक्रमाची नोंद आहे. ती गरजेपुरती, थोड्यांच्या हाती आणि मुदत संपताच पुसली जावी. पण स्विचच्या आत शिरणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो तिथे खासगी माणूस म्हणून जात नाही, दिलेल्या अधिकाराने जातो. नाताळ इंडियन काँग्रेसच्या दिवसांत, १८९४ पासूनच, गांधीजींनी सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक रकमेची पावती आणि चोख हिशेब यांचा आग्रह धरला. पुढे सेवाग्राममध्ये राहताना ते विश्वस्तवृत्तीविषयी बोलत राहिले. ज्याच्या हाती दुसऱ्यांचे काही सोपवले आहे त्याने हिशेब दाखवायचा, ही अपेक्षा वर्ध्याला नवी नाही. स्विचची देखभाल करणारा तसाच विश्वस्त आहे.

हिशेब नसला तर काय होते ते सॅन फ्रान्सिस्कोने २००८ मध्ये पाहिले. शहराच्या फायबर जाळ्याचे पासवर्ड टेरी चाइल्ड्स या एकाच अभियंत्याकडे उरले होते, आणि ते वरिष्ठांना द्यायला त्याने नकार दिला. जाळे बिनबोभाट चालू होते, पण त्यात कोणालाच शिरता येत नव्हते. त्याला अटक झाली; अखेर तुरुंगात भेटायला आलेल्या महापौर गॅव्हिन न्यूसम यांना त्याने पासवर्ड दिले. २०१० मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बाजूने बोलणारे अभियंते तेव्हाही होते, आणि त्यांचे सगळेच म्हणणे फेटाळावे असे मला वाटत नाही. अपात्र माणसाला किल्ली देऊ नये हा त्याचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होता. पण एवढ्या मोठ्या शहराने सगळा अधिकार एका डोक्यात साठू दिला, ती चूक अटकेच्या कितीतरी आधी झाली होती.

नव्या वाचकाला माझी सूचना अशी, की पुढचा अभ्यास प्रकरणांच्या क्रमानेच करायला हवा असे नाही. ज्याच्या हाती आज एखादा स्विच आहे त्याने आधी त्यातली सगळी खाती एका कागदावर उतरवावीत आणि प्रत्येक नावापुढे माणूस लिहावा. काही नावांपुढे माणूस मिळणार नाही. काहींपुढे बदली झालेल्याचे नाव येईल, काहींपुढे कंत्राट संपलेल्या कंपनीचे. खाते लगेच पुसण्याची घाई करू नये. आधी पासवर्ड बदलावा, आठवडाभर त्या नावाच्या फसलेल्या लॉगिनवर नजर ठेवावी. कधी कधी रात्री दोनला नित्यनेमाने दार ठोठावणारी कोणी व्यक्ती नसते. कॉन्फिगरेशनची प्रत काढून ठेवणारी, सगळे विसरून गेलेली एखादी जुनी स्क्रिप्ट असते, आणि मग ती कोणी लिहिली होती हे शोधत विभागातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडे जावे लागते.